तुम्ही विचारलंत म्हणून: बागेतली अळंबी

'बागेत आपोआप उगवलेली अळंबी खाता? भीती नाही वाटत?' असं विचारणारे बहुतेक जण लगेच एक फोटोही पाठवतात. 'ही चालेल का?'

खाते. पण फोटो बघून सांगणार नाही, शिष्ट म्हणा हवं तर. देठाचा मातीतला भाग फोटोत येत नाही आणि डेथ कॅप या जीवघेण्या अळंबीची ओळख पटवणारी पिशवी नेमकी तिथेच असते. ते विष शिजवून, वाळवून जात नाही. त्रास सुरू होतो तोच साधारण 6 ते 24 तासांनी, मग जरा बरं वाटतं, आणि तोवर यकृत निकामी होत असतं.

मी खाते त्या दोनच. लाकडाच्या ढलप्यांवर येणारी वाइन कॅप आणि कोवळी, आतून पांढरीशुभ्र शॅगी इंक कॅप. ही दुसरी उद्यावर टाकता येत नाही, काही तासांत टोपी कडेपासून विरघळून काळी शाई होते. थोड्या तेलावर स्वतःच्याच पाण्यात शिजते. मसाला घातलात तर चव गेलीच.

एकदा धाकटी बहीण राहायला आली होती. पाऊस पडून गेल्यावर हिरवळीवर मोठ्या पांढऱ्या छत्र्यांचं रिंगण उगवलं. मी उठायच्या आत तिने त्या खुडून, चिरून, कढई तापत ठेवलेली. मी गॅस बंद केला. 'गोगलगायींनी खाल्ल्यात, म्हणजे विषारी नाहीत,' ती म्हणाली. गोगलगायींना डेथ कॅपही पचते, हे मी सांगेपर्यंत तिचा आवाज चढला होता. 'तू काढलीस की अळंबी, मी काढली की विष?' टोपीखालचे पडदे पांढरेच होते, त्यामुळे मला दाखवायलाही काही नव्हतं. मग ठसा घ्यायला, म्हणजे टोपीतून झडणाऱ्या बीजाणूंचा रंग बघायला, एक उमललेली टोपी अर्ध्या पांढऱ्या, अर्ध्या काळ्या कागदावर पालथी घातली, वर वाडगा झाकला. सकाळी पांढऱ्या अर्ध्यावर हिरवट भुकटी. म्हणजे ही क्लोरोफायलम मोलिब्डायटिस, हिरवट ठशाची विषारी अळंबी. सहसा माणूस मरत नाही, उलट्या-जुलाबांनी अर्धमेला होतो. बहिणीने कागद पाहिला आणि काही न बोलता बॅग भरायला घेतली. तिला वाचवल्याचं समाधान मला मिळालं नाही, चारचौघांत तिला खोटं पाडल्यासारखंच वाटलं.

पूर्वी मी ऐटीत म्हणायचे, 'ओळख पक्की असली की भीती कसली?' आता ते वाक्य खटकतं. बहिणीचीही ओळख पक्कीच होती की! मी खाते त्या दोन्ही अळंब्यांचा ठसा गडद पडतो आणि डेथ कॅपचा पांढरा, हे खरं. पण गडद ठशाच्याही विषारी असतातच. म्हणून दर वेळी देठ मुळापासून उकरते, ठसा घेते, आणि तरी पहिला घास जरा थांबूनच घेते.

पाहुण्यांना मात्र वाढत नाही. बहीण म्हणते, यातच सगळं आलं. आलं असेल. तरी स्वतःपुरतं सोडवत नाही, आणि त्याला 'चव आवडते' यापलीकडे धड कारणही माझ्यापाशी नाही.