ब्लॉग आधी आपल्या कॉम्प्युटरवर, मग नेटवर

बडोद्यात मराठीत लिहिणारे कमी नाहीत हो. दांडिया बाजारात, रावपुऱ्यात कुणाकडेही जा, जुन्या वाड्यांच्या, कमाटीबागेच्या, गायकवाडी काळातल्या ऐकीव गोष्टी सांगणारं कुणीतरी भेटतंच, आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी मागे हौसेने ब्लॉगही सुरू केले होते. आता शोधायला गेलं तर कुणाचा पासवर्ड हरवलाय, कुणाची साइटच बंद. माझ्या मावशीने तर सगळं थेट वेबसाइटवरच टाईप केलेलं, घरी कॉपी काहीच नाही, ती सेवा बंद झाली आणि आजीच्या हातच्या पदार्थांवरचं तिचं सगळं लिखाण गेलं. मला अजून वाईट वाटतं त्याचं.

म्हणून मी आता सगळ्यांना सांगते की लिखाण आधी आपल्या कॉम्प्युटरवर हवं. पूर्वी यासाठी मायक्रोसॉफ्टचं विंडोज लाइव्ह रायटर होतं, वर्डसारखं लिहायचं आणि बटण दाबलं की पोस्ट ब्लॉगर नाहीतर वर्डप्रेस या ब्लॉगच्या सेवांवर जायची. 2012 नंतर त्याचं नवीन व्हर्जन आलं नाही. पण डिसेंबर 2015 मध्ये त्याचा कोड सगळ्यांसाठी खुला (ओपन सोर्स) केला आणि ओपन लाइव्ह रायटर आलं, एमआयटी लायसन्सवर, म्हणजे कुणीही तो वापरावा, बदलावा. कंपनीने हात काढला तरी लोकांना ते पुढे चालवता आलं, ओपन सोर्सचं मला हेच फार मोठं वाटतं. मात्र ते फक्त विंडोजवर चालतं आणि त्याचं काम आता फार मंदावलंय.

मावशीला मी पब्ली (Publii) हे कॉम्प्युटरवर ब्लॉग लिहायचं सॉफ्टवेअर टाकून दिलं. फुकट आहे, जीपीएल या ओपन सोर्स लायसन्सवर आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं. सगळ्या पोस्ट तुमच्याच मशीनवर एका एसक्यूलाइट (छोटा डेटाबेस) फाइलमध्ये राहतात, फोटोही त्याच मशीनवर, आणि सिंकचं बटण दाबलं की ते साधी एचटीएमएल (वेबची) पानं बनवून गिटहब पेजेस, नेटलिफाय अशा साइट ठेवायच्या सेवांवर किंवा स्वतःच्या होस्टिंगवर एफटीपीने (फाइली पाठवायच्या पद्धतीने) चढवतं. सर्व्हरवर डेटाबेस नाही, लॉगिनचं पान नाही, त्यामुळे वर्डप्रेसप्रमाणे सर्व्हरवरची प्लगिन (जोड-सोयी) सतत अपडेट करत बसायला नको. उद्या गिटहब नको वाटलं तर दुसरीकडे चढवा, मूळ लिखाण घरीच आहे. जुना वर्डप्रेस ब्लॉग असेल तर त्याची एक्सपोर्ट फाइलही यात आणता येते.

2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीला पूर आला तेव्हा आमच्याकडे नेट नव्हतं, लाइट येऊन जाऊन, तरी मावशी लॅपटॉपची बॅटरी होती तोवर लिहीत बसलेली, सुरळीच्या वड्या आपण कशा करतो आणि शेजारच्या गुजराती बेन खांडवी कशी करतात ते. मी म्हटलं, "मावशी, बॅटरी जपून वापर गं." तर म्हणाली, "तू थांब, फोडणीचं राहिलंय." नेट आल्यावर सिंक केलं, झालं.

अडचणी आहेत. गिटहबचं टोकन (पासवर्डसारखी एक किल्ली) बनवून टाकायची पायरी ज्येष्ठांना एकट्याने जमणं कठीण, तिथे घरातल्या कुणीतरी बसलंच पाहिजे. कमेंटची सोय आतच नाही, बाहेरून जोडावी लागते. मोबाईलवरून लिहिता येत नाही. आणि डिस्क गेली तर सगळं जाईल, म्हणून त्यातच बॅकअपचं बटण आहे ते वापरा आणि ती फाइल पेनड्राइव्हवर ठेवा, शक्यतो दुसऱ्या घरी. मावशीची माझ्याकडे असते.

दांडिया बाजाराच्या आसपास कुणाला बसवून हवं असेल तर रविवारी सकाळी लॅपटॉप घेऊन या, जुन्या ब्लॉगचा पासवर्ड आठवत असेल तर तोही लिहून आणा.