चर्चच्या गायनात (कॉयरमध्ये) पोरं कुठेयत?

परवा रविवारी सकाळच्या मिस्साला (चर्चमधल्या मुख्य उपासनेला) मागे वळून बघितलं तर अर्ध्याहून जास्त डोकी पांढरी. वसईतल्या आमच्या धर्मग्रामाची, म्हणजे पॅरिशची, गोष्ट सांगतोय. बाकी गावांतही फार वेगळं नसावं. पोरं कॅनडाला, नाहीतर गल्फला, जी इथे आहेत ती ५:४० ची लोकल पकडणारी, त्यांना रात्री लहान समूहाच्या प्रार्थनेला ये म्हणणार तरी कसं?

१९९८ ला मुंबईपासून वेगळा होऊन वसई धर्मप्रांत (एका बिशपच्या हाताखालचा चर्चचा विभाग) झाला तेव्हा केवढा उत्साह होता! मराठीत मिस्सा, मराठीत गायनं, 'सुवार्ता' मासिक, हे सगळं तर त्याच्या आधीपासूनचं. मिस्सा लॅटिनमधून मराठीत आली ती दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (जगभरच्या बिशपांच्या रोममधल्या सभेनंतर), म्हणजे १९६५ च्या आसपास, माझी आजी सांगायची की आधी नुसतं गुडघ्यावर बसून रोजरी (जपमाळ) म्हणायची, कळायचं काहीच नाही. आणि आता गंमत बघा, नातवंडं इंग्लिश मीडियमची, त्यांना मराठी गायनाची वही वाचता येत नाही! घरात कादोडी (आमची वसईची बोली) समजते पण बोलत नाहीत.

मला विचाराल तर पोरांना नुसती भाषणं देऊन काही होत नाही, काम द्यावं. आमच्याकडे सणाच्या साऊंडचं काम कॉलेजच्या तिघांवर सोपवलं, पहिल्या दिवशी माईक नुसता किंचाळत होता, म्हातारे वैतागले, पण ती तिघं नोव्हेनाचे (सणाआधीच्या प्रार्थनेचे) नऊच्या नऊ दिवस आली. आता त्यातला एक कीबोर्ड शिकतोय. गायनाची वही मात्र अजून मीच वाचून दाखवतो त्याला.