तुम्ही विचारलंत म्हणून: एवढ्या ढगात ग्रहणाचा फोटो मिळाला कसा?

तो तांबूस चंद्र दाखवला की सगळे हेच विचारतात, अगं त्या रात्री पुण्यात ढग होते ना, तुला कसा दिसला? तर खरं सांगते, मलाही धड दिसला नव्हता. ७ सप्टेंबर २०२५, अनंत चतुर्दशीचा दुसरा दिवस. भाद्रपदात स्वच्छ आकाशाची अपेक्षा म्हणजे वेडेपणाच, तरी सहा इंची डॉब्सोनियन (हाताने ढकलून फिरवायचा टेलिस्कोप) गच्चीवर चढवला, दोन फेऱ्या मारून, कारण आमची लिफ्ट गच्चीपर्यंत जात नाही.

९:५७ ला सावली लागली तेव्हा पातळ ढग होते पण चंद्र त्यातून आरामात दिसत होता, म्हटलं जमलं. गोम पुढे आहे. ११:०१ ला खग्रास झालं आणि चंद्र गायबच! खग्रासात तो पौर्णिमेपेक्षा हजारो पटींनी मंद होतो, त्यामुळे मगाशी ज्या ढगातून दिव्यासारखा दिसत होता तोच ढग आता त्याला गिळतो, आणि फाइंडरमधूनही, म्हणजे टेलिस्कोपवरच्या नेम धरायच्या छोट्या दुर्बिणीतूनही, शोधायला काही खूण उरत नाही.

माझी हुशारी म्हणाल तर एवढीच की उजेड होता तोवर चंद्राच्या कडेवर फोकस बसवून मोबाईल मॅन्युअलला लॉक केला होता, कारण ढगात ऑटोफोकस नुसता पुढे-मागे भटकतो. आणि चंद्र दिसेनासा झाल्यावरही टेलिस्कोप सोडला नाही. दोन मिनिटांत चंद्र स्वतःच्या रुंदीएवढा सरकतो, म्हणून अंदाजाने तेवढा पश्चिमेला ढकलत राहिले, हात भरून आला, खालून आईचे दोन फोन झाले.

पावणेबाराला फट पडली. जेमतेम मिनिटभर. आयएसओ १६००, शटर १/८ सेकंद, खटाखट चौदा फोटो. शेजारचे आजोबा मागून ओरडले, "दे दान सुटे गिराण!" त्या दचक्यात तीन हलले, बाकीचे बहुतेक धुरकट, कारण आयपीसवर, म्हणजे डोळा लावायच्या भिंगावर, माझ्याच श्वासाची वाफ धरली होती. दोन बरे आले. त्यातल्या एकाच्या डाव्या कडेला जो मळकट पट्टा आहे तो ढग आहे, एडिटिंग नाही, हेही नेहमी विचारतात.

आता ३१ डिसेंबर २०२८ च्या रात्री आपल्याकडून अख्खं खग्रास दिसणारे. तेव्हा ढग बहुधा नसतील, पण गच्चीवर सोसायटीची थर्टी फर्स्टची पार्टी आणि चार फोकस लाईट नक्की असतील, त्यावर अजून काही सुचलेलं नाही.