जुन्या स्टेशनात सरळ एसी का बसवत नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. ऐतिहासिक रेल्वे स्टेशनांच्या वायुवीजनाचं काम करते म्हटलं की हा प्रश्न येतोच: "प्रवासी घामाघूम होतात आणि तुम्ही झरोके मोजत बसता. सरळ एसी का बसवून टाकत नाही?"

प्रश्न रास्त आहे. उकाड्यात गाडीची वाट पाहत बसलेल्या म्हाताऱ्या माणसाला इमारतीचं वय सांगून गारवा मिळत नाही. एसी आम्ही बसवतोच, पण तो सगळ्यात शेवटी. आधी त्या इमारतीची स्वतःची श्वास घ्यायची सोय कुठे बुजली आहे ते शोधतो.

ही सोय खरोखरच केलेली असते. वाफेची इंजिनं थेट छपराखाली येऊन धूर ओकत, तेव्हा छपरं उंच आणि शिखरावर उघडी ठेवावी लागत. गरम हवा हलकी होऊन वर चढते, शिखरावरच्या झडपांतून निघून जाते आणि तिच्या जागी खालच्या दारांतून ताजी हवा ओढली जाते. ना पंखा, ना वीज. पुढे वाफेची इंजिनं गेली. मग कबुतरं नकोत, पाऊस नको, वर नवं फॉल्स सीलिंग हवं, अशी कारणं निघत गेली आणि एकेक वाट बंद झाली.

एका प्रतीक्षालयात मला काही केल्या कोंदटपणाचं कारण सापडेना. आम्ही चाचणीचा धूर सोडला. तो छताच्या एका कोपऱ्याकडे सरकला आणि लाकडी फळ्यांच्या सांध्यात शिरला. फळ्या काढल्या तर मागे विटांचे दोन उभे वायुमार्ग, वरपर्यंत राडारोड्याने भरलेले. मूळ बांधणाऱ्यांनी उत्तर कधीच देऊन ठेवलं होतं. त्या दिवशी मला फार आनंद झाला होता.

आता हिशेब बघा. ६० मीटर लांब, ३० मीटर रुंद आणि १५ मीटर उंच दालन घ्या. त्यात २७,००० घनमीटर हवा मावते. माणसं वावरतात ती खालच्या दोन मीटरांत, म्हणजे ३,६०० घनमीटरांत. सगळं दालन थंड करायचं तर बहुतेक खर्च रिकाम्या उंचीवर होतो. म्हणून थंड हवा वरून फेकायची नाही. ती बाकांखालच्या किंवा जमिनीलगतच्या जाळ्यांतून अगदी संथ सोडायची. तिचा थर जमिनीवर पसरतो, माणसांच्या अंगाची ऊब त्याला हळूहळू वर उचलते आणि वापरलेली हवा उंचावरून बाहेर जाते. शांत बसलेला माणूस साधारण १०० वॉट उष्णता सोडतो. हजार माणसांचे १०० किलोवॉट झाले, म्हणजे जवळपास २८ टनांचा एसी निव्वळ माणसांसाठी. दिवे, काचेतून येणारं ऊन आणि सतत उघडणारी दारं यांचा भार निराळा.

मला खरी धास्ती असते ओलाव्याची. बाहेर ३० अंश तापमान आणि ७० टक्के सापेक्ष आर्द्रता असेल, तर दवबिंदू, म्हणजे हवेतल्या वाफेचं पाणी व्हायला लागतं ते तापमान, २४ अंशांच्या आसपास येतो. त्याहून थंड झालेल्या दगडाला ही हवा लागली की दगड घामेजतो. चुन्याचा सांधा ओल पितो आणि परत सोडतो. त्या ये-जा करणाऱ्या पाण्याबरोबर क्षार पृष्ठभागावर येतात, तिथे त्यांचे स्फटिक बनतात आणि दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. भिंतीला लोणा लागतो तो असा. कोरीव दगडावर थेट झोत सोडणारं एक यंत्र मी पाहिलं आहे. खालची वेलबुत्ती चिमटीत धरली तर पिठासारखी निघत होती. तो राग अजून गेलेला नाही. नवीन यंत्र दहा वर्षांनी बदलता येतं, ती वेलबुत्ती घडवणारा हात परत आणता येत नाही.

मग डक्ट, म्हणजे हवा वाहून नेणारे मार्ग, न्यायचे कुठून? मूळ दगडाला भोक न पाडता, उद्या काढले तर खूण राहणार नाही अशा वाटेने. वापरात नसलेली धुरांडी, तळघरं, फरशीखालच्या पोकळ्या आम्ही आधी तपासतो. लंडनच्या १८६८ च्या सेंट पँक्रास स्टेशनात फलाटांखाली बिअरची पिंपं ठेवायचं प्रशस्त तळघर होतं. २००७ पासून युरोस्टार या लंडन-युरोप रेल्वेचे प्रवासी तिथूनच ये-जा करतात. जुन्या इमारतीत अशी जागा अनेकदा असते, फक्त तिचं पूर्वीचं काम संपलेलं असतं.

आणि काढलेली उष्णता टाकायची कुठे, हेही बघावं लागतं. कंडेन्सर, म्हणजे एसीचा गरम हवा फेकणारा बाहेरचा भाग, दर्शनी छपरावर शोभत नाही, फलाटाकडे तोंड करून ठेवला तर तिथली माणसं भाजतात. लंडनमध्येच १९२२ साली बंद झालेल्या सिटी रोड या भुयारी स्टेशनातून आज गरम हवा खेचून तिच्यातली उष्णता आसपासच्या घरांना पुरवतात. ही योजना २०२० साली सुरू झाली. प्रत्येक ठिकाणी हे जमणार नाही, पण विचारून बघायला हरकत नाही.

जिथे डिझेल इंजिनं अजून छपराखाली येतात, तिथे प्रतीक्षालयातला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित जास्त ठेवतो. दार उघडलं की हवा बाहेर जाते, धूर आत येत नाही.

त्या प्रतीक्षालयात आम्ही आधी दोन्ही वायुमार्ग मोकळे केले आणि एक अख्खा उन्हाळा फक्त तापमान आणि आर्द्रता नोंदवत राहिलो. "आता तरी बसवा," असं रोज कुणीतरी म्हणायचं. नोंदी हातात आल्यावर आधी ठरवलेलं यंत्र रद्द करून त्याहून लहान मागवलं.