फोन कशाला, मुदत मागितली की झालं

परवा घरच्या ग्रुपवर वाद झाला. विषय नेहमीचाच, पुढाऱ्यांच्या केसेसचा निकाल वेळेवर का लागत नाही. भावजींचं म्हणणं, सगळं मॅनेज असतं, वरून फोन जातो. मला ते पटत नाही. फोनचा पुरावा ना त्यांच्याकडे आहे ना माझ्याकडे, आणि त्या फोनच्या मागे लागलं की जे भर कोर्टात सगळ्यांसमोर चाललेलं असतं त्याच्याकडे आपलं लक्षच जात नाही.

आपल्याच शिवसेनेच्या केसचं घ्या ना, एकनाथ शिंदेंनी आमदार घेऊन बंड केलं तेव्हाचं. २८ जून २०२२ ला राज्यपालांचं पत्र निघालं, ३० तारखेला बहुमत सिद्ध करा म्हणून. २९ ला सुप्रीम कोर्ट संध्याकाळी बसलं, काही तास युक्तिवाद ऐकले, रात्री नऊच्या सुमारास सांगितलं की चाचणीला स्थगिती नाही, आणि त्याच रात्री उद्धव ठाकरेंनी राजीनामा दिला. म्हणजे मनात आलं तर एका दिवसात होतं. का झालं? कारण दुसऱ्या दिवशीची तारीख कोर्टाने ठरवली नव्हती, राजभवनातून ठरून आली होती. ज्याच्या हातात अशी पुढची तारीख ठरवणं आहे तो कोर्टाला धावायला लावू शकतो, त्यासाठी कुठल्याही न्यायाधीशाच्या कानाला लागावं लागत नाही.

आता त्याच भांडणाची दुसरी बाजू बघा, आमदार अपात्र की पात्र. त्यावर पहिला निर्णय विधानसभा अध्यक्षांचा, आणि अध्यक्ष म्हणजे बहुतेक वेळा सत्तेतल्या पक्षाचाच माणूस. ११ मे २०२३ ला पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने सांगितलं, राज्यपालांनी बहुमत चाचणी बोलावणं योग्य नव्हतं, पण ठाकरेंनी चाचणीला सामोरं न जाता राजीनामा दिला म्हणून जुनं सरकार परत आणता येत नाही, अपात्रतेचं अध्यक्षांनी वाजवी वेळेत ठरवावं. या 'वाजवी वेळेत'ला तारीखच नव्हती. सप्टेंबर उजाडला तरी हालचाल दिसेना, कोर्टाने वेळापत्रक मागितलं, मग ऑक्टोबरमध्ये ३१ डिसेंबरची मुदत घातली, ती पुन्हा वाढून १० जानेवारी २०२४ झाली, आणि त्या दिवशी अध्यक्ष राहुल नार्वेकरांनी निकाल दिला की कुणीच अपात्र नाही. त्याला आव्हान म्हणून प्रकरण परत सुप्रीम कोर्टात. २० नोव्हेंबर २०२४ ला नव्या विधानसभेसाठी मतदान झालं, तोवर त्या आव्हानाचा निकाल आलेला नव्हता. ज्या सभागृहातल्या आमदारांबद्दल प्रश्न होता ते सभागृहच संपलं. २०२० साली मणिपूरच्या प्रकरणात याच कोर्टाने म्हटलं होतं की अध्यक्षांनी साधारण तीन महिन्यांत ठरवावं. इथे ११ मेपासून मोजले तरी आठ महिने, आणि बंडापासून मोजले तर दीड वर्षाच्या वर.

यात कोर्टाचाही दोष आहेच, ते मी लपवणार नाही. केस कधी लावायची हे सरन्यायाधीश ठरवतात, तिथे कुठल्या मंत्र्याची सही लागत नाही. अध्यक्षांच्या निकालावरचं अपील निवडणुकीआधी ऐकून संपवायला हवं होतं असं माझं ठाम मत आहे.

आणि हे एकाच पक्षाचं आहे असंही नाही. महापालिकांच्या निवडणुकांचं काय झालं आठवा. मुंबईची मुदत ७ मार्च २०२२ ला संपली. ओबीसी आरक्षणाचा प्रश्न कोर्टात होताच, त्यात आघाडी सरकारने मुंबईचे प्रभाग २२७ चे २३६ केले, मग शिंदे सरकारने ते परत २२७ वर आणले, त्यावरून पुन्हा याचिका. केस चालू असताना खालचा कायदाच बदलला की वकिलांना पहिल्यापासून मांडायला लागतं. शेवटी ६ मे २०२५ ला सुप्रीम कोर्टाने चार महिन्यांत निवडणुका घ्या म्हणून सांगितलं, नंतर ती मुदतही वाढून मिळाली, आणि मुंबईत मतदान झालं १५ जानेवारी २०२६ ला. जवळजवळ चार वर्षं नगरसेवक नाही, आमच्या ओळखीतल्या एका आजींना गटाराची तक्रार कुणाकडे करायची हे कळत नव्हतं.

सुरतची केस तर मला फार बोलकी वाटते. राहुल गांधींवरच्या बदनामीच्या खटल्याला मार्च २०२२ मध्ये गुजरात हायकोर्टाची स्थगिती होती, ती मागितली होती तक्रारदारानेच, आणि तक्रारदार म्हणजे भाजपचे आमदार. फेब्रुवारी २०२३ मध्ये त्यांनीच ती मागे घेतली, २३ मार्चला शिक्षा, २४ ला खासदारकी रद्द. इथे मला न्यायाधीशाबद्दल काहीच म्हणायचं नाही. खटला थांबला पक्षकाराच्या अर्जाने आणि सुटला पक्षकाराच्या अर्जाने, आणि पक्षकार राजकारणी होता, एवढंच.

हे सगळं मला एवढं का लागतं तर आमच्या घरात एक केस आहे. कालव्यात गेलेल्या जमिनीच्या वाढीव मोबदल्याची, २०१३ सालची. अण्णा प्रत्येक तारखेला जातात, सकाळी सहाची एसटी, पिशवीत भाकरी आणि कागदांची प्लॅस्टिकची फाईल. मागच्या वर्षी मी बरोबर गेले. बोर्डावर आमचा नंबर ४१. अकरापासून व्हरांड्यात उभे, पावणेचारला पुकारा झाला. सरकारी वकील उठले, 'साहेब, खात्याकडून सूचना आल्या नाहीत, मुदत द्यावी.' न्यायाधीशांनी समोरच्या गठ्ठ्याकडे बघितलं, तारीख दिली, पुढचा नंबर. मिनिटसुद्धा लागलं नाही. अण्णा बाहेर येऊन नळावर पाणी प्यायले आणि म्हणाले, चल, साडेचारची मिळेल.

घरी आल्यावर मी रोजनाम्याची, म्हणजे कोर्टात प्रत्येक तारखेला काय झालं त्या नोंदींची, नक्कल काढायची ठरवलं. मिळाल्यावर पेन्सिल घेऊन बसले. आमच्या वकिलांनी सहा वेळा मुदत मागितलेली, हो, आमच्याकडूनही. न्यायाधीश रजेवर किंवा बदलीमुळे कोर्ट रिकामं, अशा अकरा तारखा. आणि सरकारी पक्षाचं म्हणणं आलं नाही, कागद आले नाहीत, सूचना नाहीत, अधिकारी निवडणुकीच्या कामात, अशा तेवीस. भूसंपादनाच्या जुन्या कायद्याप्रमाणे वाढीव मोबदल्यावर पहिल्या वर्षी ९ आणि पुढे १५ टक्के व्याज आहे, म्हणजे केस जिंकलो तर या तेवीस तारखांचं व्याजही सरकारी तिजोरीतूनच जाणार आणि तिजोरी तुमची आमची.

आता यात कुठल्या मंत्र्याने काय केलं? काहीच नाही, आणि तेच मला सांगायचंय. खात्याचा सचिव कोणाला विचारतो, सरकारी वकील कोण नेमतं, खालच्या कोर्टाच्या जागांना आणि इमारतींना पैसे कोण मंजूर करतं, हे सगळं राज्य सरकार. हायकोर्टाचे न्यायाधीश कॉलेजियम, म्हणजे वरिष्ठ न्यायाधीशांची समिती, सुचवतं पण नेमणुकीची फाईल दिल्लीत केंद्राकडे जाते आणि तिथे पडून राहू शकते. मुंबई हायकोर्टाच्या मंजूर जागा ९४ आहेत, आणि रिकाम्या जागेवर बसून कुणी निकाल देत नाही. मनावर घेतलं तर उलटही होतं. कोल्हापूरच्या बेंचसाठी वकिलांनी चाळीस वर्षांहून जास्त आंदोलनं केली, आणि १८ ऑगस्ट २०२५ ला सर्किट बेंच सुरू झालं, आता सिंधुदुर्गातल्या किंवा सोलापूरच्या माणसाला मुंबईची रात्रीची गाडी पकडावी लागत नाही. निर्णय हायकोर्टाच्या मुख्य न्यायमूर्तींचा, पण जागा, इमारत, स्टाफ सरकारने दिल्याशिवाय तो कागदावरच राहिला असता.

एक गोष्ट मात्र कोर्टाने चांगली केली. १० ऑगस्ट २०२१ ला सांगितलं की आमदार खासदारांवरचे खटले हायकोर्टाच्या परवानगीशिवाय सरकारला मागे घेता येणार नाहीत. सत्ता आली की आपल्या माणसांच्या केसेस काढून घेणं, हा रस्ता त्यामुळे अरुंद झाला. तसंच मुदतीचं करावं असं मला वाटतं. सरकारने मागितलेली प्रत्येक मुदत, कोणत्या खात्याने, कशासाठी, हे लोकांना एका ठिकाणी दिसायला हवं. ई-कोर्ट्सच्या ॲपवर पुढची तारीख दिसते, पण ती कोणामुळे पडली त्याची बेरीज कोणी करून दाखवत नाही.

अण्णांना मी ती पेन्सिलची बेरीज दाखवली. त्यांनी चष्मा लावून तेवीसचा आकडा दोनदा वाचला. आता त्यांनी स्वतःची शंभर पानी वही केलीय, तारीख, किती वाजता पुकारा झाला, मुदत कोणी मागितली. पहिल्या पानावर तीन नोंदी झाल्यात, त्यातल्या दोन सरकारी पक्षाच्या.