नेत्राणीतल्या दोन डाइव्ह आणि खिशातला स्नॉर्केल

ओपन वॉटर या स्कूबा डायव्हिंगच्या सुरुवातीच्या कोर्सच्या वेळी मास्कच्या डाव्या बाजूला स्नॉर्केल, म्हणजे पाण्यावर तरंगताना श्वास घ्यायची नळी, लावून दिला होता. डावीकडेच, कारण सिलिंडरमधली हवा तोंडात देणाऱ्या रेग्युलेटरची नळी उजव्या खांद्यावरून येते. रेग्युलेटर काढून स्नॉर्केल तोंडात धरायचा, पुन्हा रेग्युलेटर घ्यायचा, हा सरावही झाला. कोर्स पूर्ण झाल्याचं कार्ड हातात आलं आणि स्नॉर्केल कपाटात गेला. नंतरच्या बोटींवर मुरलेल्या डायव्हरांच्या मास्कला तो कधी दिसला नाही, म्हणून मीही न्यायचं सोडलं. या जानेवारीत कर्नाटकातल्या नेत्राणी बेटाला जाऊन आल्यावर माझं मत बदललं आहे.

मुर्डेश्वरच्या किनाऱ्यापासून नेत्राणी साधारण १९ किलोमीटर. बोटीला दीड तास लागतो आणि बेटाजवळ येईपर्यंत समुद्र चांगलाच हलवतो. उलटीची गोळी निघण्याआधीच घ्या, बोट हलायला लागल्यावर तिचा उपयोग नाही. डायव्हिंग ऑक्टोबर ते मे चालतं, पावसाळ्यात बंद.

पहिली डाइव्ह सुरेख झाली. पाणी स्वच्छ, खडकाच्या कपारीत गोबरा मासा, वरून जाणारा बाराकुडांचा थवा. आमच्या गटातल्या एकाने मास्कला लांब, वर झडप असलेला स्नॉर्केल लावला होता. प्रवाहात तो सारखा थरथरत होता, मास्कमध्ये पाणी शिरत होतं. सेफ्टी स्टॉपला, म्हणजे वर येण्याआधी थोडा वेळ थांबतात तिथे, बॉय (बोटीला आपली जागा दाखवणारा फुगा) सोडताना दोरी नेमकी त्याच नळीत अडकली आणि मास्क कपाळावर सरकला. गाइड जवळ होता म्हणून लगेच सुटलं. पाच मीटरवर, डोळ्यांत पाणी असताना, हा प्रसंग लहान नसतो. मास्कला स्नॉर्केल नको म्हणणाऱ्यांचा मुद्दा तिथे मला पुरता पटला.

दुसऱ्या डाइव्हला मात्र उलटी बाजू दिसली. बेटाच्या बाहेरच्या अंगाला प्रवाह वाढला होता. तीन मिनिटांचा स्टॉप करून मी आणि माझा मावसभाऊ वर आलो, तर बोट दीडेकशे मीटरवर, दुसऱ्या गटाला उचलत होती. आम्ही हाताने ओकेची खूण केली, बोटीवरून उत्तर आलं. म्हणजे थांबायचं. लाटा फार मोठ्या नव्हत्या, पण तोंडावर फुटायला पुरेशा होत्या.

माझ्या सिलिंडरमध्ये ४० बार (हवेचा दाब) उरले होते. नेहमीच्या ११ लिटरच्या अॅल्युमिनियम सिलिंडरमध्ये ही साडेचारशे लिटरच्या आसपास हवा. शांतपणे तरंगलं तर वीसेक मिनिटं पुरते, प्रवाहाविरुद्ध पाय मारले तर पंधरासुद्धा नाही. मी रेग्युलेटर तोंडात ठेवून दाबाचा काटा उतरताना बघत होते. भावाने मात्र बीसीडी (हवा भरून तरंगवणारं जॅकेट) फुगवली, खिशातून घडीचा सिलिकॉन स्नॉर्केल काढला, मास्कच्या पट्ट्यात अडकवला आणि तोंड पाण्यात घालून निवांत श्वास घ्यायला लागला. सिलिंडरमधली हवा त्याने तशीच राखली. बोट यायला सुमारे वीस मिनिटं लागली. शेवटी मी लाटांकडे पाठ करून उताणी तरंगत होते. तेही चालतं, पण मागून येणारी प्रत्येक चौथी-पाचवी लाट डोक्यावरून जाते.

म्हणून माझं म्हणणं असं: स्नॉर्केल न्या, पण मास्कवर नको, खिशात. तो पाण्याखालच्या चाळीस मिनिटांसाठी नसून वर आल्यानंतरच्या वेळेसाठी आहे. बुडालेल्या जहाजाच्या आत किंवा गुहेत जाणार असाल तर मास्कवर तो लावूच नका.

घेताना घडीचाच घ्या. झडपवाले जाड स्नॉर्केल नुसत्या पोहण्यासाठी ठीक, डायव्हरच्या डोक्याला ते ओढ देतात. लांब नळी चांगली, हा गैरसमज आहे. नळीत अडकलेली जुनी हवा दर श्वासाला परत आत येते आणि ती जितकी जास्त, तितकी धाप लवकर लागते. म्हणून श्वासही सावकाश आणि पूर्ण घ्यायचा. पूर्ण चेहरा झाकणारा स्नॉर्केलिंगचा मास्क स्कूबाला अजिबात नको. त्यात रेग्युलेटर तोंडात धरता येत नाही आणि कान मोकळे करायला नाक दाबता येत नाही.

क्रम आधी तलावात घोटून घ्या. आधी बीसीडी फुगवायची, मग खिसा उघडायचा, स्नॉर्केल बसवायचा आणि सगळ्यात शेवटी रेग्युलेटर सोडायचा. पहिला श्वास आत नाही, बाहेर: जोरात फुंकून नळीतलं पाणी काढायचं. खिशात स्नॉर्केल आहे म्हणून सिलिंडर रिकामा होईपर्यंत खाली रेंगाळू नका, ५० बारला वर म्हणजे वरच.

मालवणला प्रशिक्षकाने धरून नेलेली डाइव्ह करणार असाल, तर यातलं काहीच लागत नाही. तिथे तुमची हवा आणि दिशा दोन्ही त्याच्या हातात असतात.

परतीचं एक सांगते. गोव्याहून विमान पकडणार असाल तर शेवटच्या डाइव्हनंतर किमान १८ तास जाऊ द्या. हा नियम बहुतेकांना माहीत असतो. पण कोल्हापूर-पुण्याकडे गाडीने परतणाऱ्यांनाही घाट चढावा लागतो आणि वरचं पठार साडेपाचशे मीटर किंवा त्याहून उंच आहे. डाइव्हनंतर त्या उंचीवर लगेच जाणंही डाइव्हमध्ये शरीरात विरघळलेल्या नायट्रोजनच्या दृष्टीने बरं नाही. आम्ही ती रात्र मुर्डेश्वरलाच काढली, उपकरणं गोड्या पाण्यात धुऊन गच्चीवर वाळत घातली आणि दुसऱ्या दिवशी जेवण करून निघालो.