तुम्ही विचारलंत म्हणून : पुठ्ठ्याला एवढे पैसे?

आमच्या हॉलमधलं पटावरच्या खेळांचं कपाट उघडं राहिलं की आलेला पाहुणा दोन प्रश्न हमखास विचारतो. पहिला, "घरात लहान मुलं आहेत का हो?" नाहीत. दुसरा, किंमत कळल्यावरचा, "एवढे पैसे? पुठ्ठ्याला?" इतकी वर्षं मी हसून चहा पुढे करत आले. आता एकदाच काय ते सांगते.

त्या कपाटातले निम्मे खोके एकाच कंपनीचे आहेत, जीएमटी गेम्सचे. कॅलिफोर्नियातल्या हॅनफर्ड गावची ही कंपनी जीन बिलिंग्सली यांनी १९९० मध्ये सुरू केली. युद्ध, क्रांती, बंड, युरोपातली धर्मसुधारणा असल्या विषयांवर ती पट, पत्ते आणि सोंगट्यांचे खेळ काढते.

खेळांच्या आधी मला तिच्या वहीखात्याचं कौतुक आहे. आपल्याकडे पुस्तकांची 'प्रकाशनपूर्व सवलत' असते ना, तसलंच तिथे आहे. योजनेचं नाव पी ५००. होऊ घातलेला खेळ यादीत लागतो, ज्यांना हवा ते सवलतीच्या दरात नाव नोंदवतात, पाचशे नावं झाली की खेळ छपाईच्या रांगेत जातो. फरक एवढाच, की नाव नोंदवताना पैसे घेत नाहीत. खेळ पाठवायची वेळ आली की मगच कार्डावरून रक्कम वळती होते आणि तोवर कधीही नाव काढून घेता येतं. माझ्या वडिलांनी एका प्रकाशकाकडे एका ग्रंथाचे पैसे आधी भरले होते. खंड आले तेव्हा त्यांना वाचायला भिंग लागत होतं. त्यामुळे असेल, पण पैसे न घेता थांबायला सांगणारा माणूस मला भला वाटतो.

थांबावं मात्र लागतं. पाचशेचा आकडा गाठला म्हणजे पुढच्या महिन्यात खोका दारात, असं नसतं. वर्ष जातं, दोन जातात. जुन्या खेळाची आवृत्ती संपली की पुनर्मुद्रणही याच रांगेतून. घाई असणाऱ्याने या वाटेला जाऊ नये.

दुसरं कौतुक नियमपुस्तिकांचं. त्या संकेतस्थळावर फुकट ठेवलेल्या असतात आणि चुका सापडतील तशा दुरुस्त होत राहतात. म्हणजे साडी नेसून बघावी आणि मग पैसे द्यावेत, तसं झालं. व्हॅसल नावाच्या फुकट सॉफ्टवेअरवर यातले बरेच खेळ खेळताही येतात. न्यू जर्सीतल्या मावसभावाबरोबर माझे कित्येक डाव तिथेच झाले, त्याची सकाळ आणि माझी रात्र. पुस्तिकेची भाषा मात्र वकिली. प्रत्येक कलमाला आकडा, उपकलमाला आणखी आकडा. सोबतच्या दुसऱ्या पुस्तिकेत एखादा डाव खेळून दाखवलेला असतो, तो आधी वाचावा. मला हे कळायला तीन खोके लागले.

आता खेळ. या कंपनीचं नाव झालं ते २००५ च्या 'ट्वायलाइट स्ट्रगल'मुळे. रचनाकार दोन, आनंदा गुप्ता आणि जेसन मॅथ्यूज. विषय शीतयुद्ध. एक खेळाडू अमेरिका, दुसरा सोव्हिएत युनियन. यातली खरी गंमत पत्त्यांत आहे. प्रत्येक पत्त्यावर एक घटना असते, आणि ती कुणाच्या तरी फायद्याची असते. शत्रूच्या फायद्याचा पत्ता तुमच्या हाती आला आणि तुम्ही तो आपल्या कामासाठी वापरला, तरी त्याची घटना घडतेच. लग्नात नको असलेल्या पाहुण्यासारखं. बोलवायचं की नाही हे आपल्या हातात नाही, कुठल्या पंगतीला बसवायचं एवढंच आपल्या हातात. एखादा पत्ता अंतराळ स्पर्धेत ढकलून टाळता येतो, पण किती टाळणार? त्यात अणुयुद्धाची पातळी पाचावरून खाली घसरत असते. ती एकावर आली की ज्याची पाळी चालू असेल तो हरला. त्यामुळे समोरच्याच्या भल्याचा पत्ता आपल्याच हाताने टाकून जग संपवायची नामुष्कीही येते. माझ्यावर दोनदा आली आहे.

यातला एक पत्ता माझ्या पोटात दर वेळी कालवतो. भारत-पाक युद्ध. खेळणाऱ्याने दोघांपैकी एक देश हल्ल्यासाठी निवडायचा, फासा टाकायचा, त्या देशाचे जितके शेजारी शत्रूच्या ताब्यात असतील तितके फाशातून वजा करायचे, आणि चार ते सहा आलं की जिंकलं. म्हणजे मॉस्कोच्या खुर्चीत बसून मी भारतावर फासा टाकते! आपण खेळाडू नसून पटावरचं एक घर आहोत, हे त्या पत्त्याने मला जितकं कळलं तितकं शाळेतल्या अलिप्ततावादाच्या धड्याने कळलं नव्हतं.

दुसरा खेळ 'गांधी', २०१९ चा, ब्रूस मॅन्सफिल्ड यांचा. व्होल्को रुंके यांनी २०१२ मध्ये सुरू केलेल्या बंडखोरीविषयक मालिकेतला. मालिका मुळात गनिमी युद्धांची, कोलंबिया, क्यूबा, व्हिएतनाम. त्याच चौकटीत १९१७ ते १९४७ चा हिंदुस्थान बसवायचा म्हणजे सत्याग्रहाला नियमांत जागा द्यायची, आणि ती दिली आहे. बाजू चार : ब्रिटिश राज, काँग्रेस, मुस्लिम लीग आणि क्रांतिकारक. तीन संध्याकाळ शिकण्यातच जातात. पण काँग्रेसकडून खेळताना गोळी न झाडता राज्यकर्त्याला जेरीस कसं आणायचं, याचा हिशेब खरोखर मांडावा लागतो. एकट्याने खेळायचं तर बाकीच्या बाजू चालवायला 'अर्जुन' नावाची पत्त्यांची व्यवस्था आहे. आमच्याकडे चौघं जमतात, पण राज व्हायला कुणी तयार नसतं. शेवटी चिठ्ठ्या टाकतो.

माझी तक्रार हीच, की असे खेळ थोडे. यादीत अमेरिकेची आणि युरोपची युद्धं पुन्हा पुन्हा येतात, आणि बाकीचं जग बहुतेक वेळा त्यांच्या खिडकीतून दिसतं. २०१९ मध्येच आफ्रिकेच्या वाटणीवरचा एक खेळ त्यांनी पी ५०० मधून काढून घेतला. वसाहतवाद हा नुसता मजेचा विषय केलाय, अशी टीका झाली होती. काहींनी त्याला माघार म्हटलं. मला तो खेळ काढून घेणं बरोबर वाटलं. त्याच वर्षी 'गांधी' आला, म्हणजे विषय अवघड असतो म्हणून सोडायचा नसतो, तो कसा हाताळता हे बघायचं असतं.

आणि सोंगट्या म्हणून येणारे ते बारीक पुठ्ठ्याचे चौकोन! तावातून सुटे करायला एक रविवार जातो. कोपऱ्यांना राहिलेले तुसे काही हौशी लोक नेलकटरने कापून कोपरे गोल करतात. मी हसायचे त्यांना. आता माझ्या ड्रॉवरमध्ये त्यासाठी वेगळं नेलकटर आहे.

पोस्टाचा खर्च मात्र परवडत नाही. म्हणून भाऊ सुट्टीला येताना बॅगेत एकेक खोका आणतो आणि जाताना त्याच जागेत मावशीच्या चकल्या जातात.

घ्यायचा तर कोणता, असंही विचारता. आधी काहीच घेऊ नका. 'ट्वायलाइट स्ट्रगल'चे नियम फुकट आहेत, ते वाचा आणि शनिवारी संध्याकाळी आमच्याकडे या. 'गांधी' मांडला असेल तर नवीन आलेल्याला चिठ्ठीबिठ्ठी नाही, तो सरळ ब्रिटिश राज होतो, आणि येताना भेळ त्यानेच आणायची असते.